लर्लीन वॉलेस गव्हर्नर कशा झाल्या

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राष्ट्रपतींनी नेमलेले राज्यपाल नव्हेत. त्याला लोक थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार त्याच्याच हाती असतो. आपल्या मुख्यमंत्र्यांसारखाच म्हणा ना. अलाबामात ही खुर्ची १९६३ पासून जॉर्ज वॉलेस यांच्याकडे होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला ते स्वतः विद्यापीठाच्या दारात उभे राहिले आणि देशभर गाजले. पुढे अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची, तर हाताशी राज्य हवे होते. पण लागोपाठ दुसऱ्यांदा गव्हर्नर व्हायला अलाबामाच्या राज्यघटनेची मनाई होती. ती उठवायचा प्रयत्न १९६५ मध्ये राज्याच्या सिनेटने, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाने, हाणून पाडला.

मग १९६६ मध्ये त्यांनी पत्नीला, लर्लीनना उभे केले. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या, त्याआधी टस्कलूसातल्या एका दुकानात काउंटरवर काम करणाऱ्या लर्लीनना राजकारणाची फारशी हौस नव्हती. कारभार कोण पाहणार, हे कुणी लपवलेही नाही. जॉर्ज वर्षाला एक डॉलर पगारावर ‘सल्लागार’ होणार होते. बाईंची सही आणि नवऱ्याचा कारभार, हा प्रकार आपल्या ग्रामपंचायतींना नवा नाही. तिथे मात्र अख्खे राज्य होते. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत लर्लीननी दोन माजी गव्हर्नरांसह नऊ जणांना पहिल्याच झटक्यात हरवले. मग मुख्य निवडणूकही जिंकून त्या अलाबामाच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या.

उमेदवारी जाहीर होण्याच्या महिनाभर आधीच त्यांच्यावर कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली होती. याहून वाईट गोष्ट १९६१ मधली. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना संशयास्पद पेशी आढळल्या होत्या. डॉक्टरांनी ते नवऱ्याला सांगितले, नवऱ्याने बायकोला नाही. त्या काळी असेच चाले म्हणतात, पण त्याने ही गोष्ट पचायला सोपी होत नाही.

वंशभेदाच्या धोरणात लर्लीन नवऱ्याच्याच वाटेने गेल्या. स्वतःचे असे एकच मोठे काम त्यांनी केले. १९६७ मध्ये त्या टस्कलूसाच्या सरकारी मनोरुग्णालयात आणि मतिमंद मुलांच्या संस्थेत गेल्या, तिथली गर्दी आणि घाण पाहून हादरल्या आणि मानसिक आरोग्यासाठी रोख्यांतून दीड कोटी डॉलर उभे करायला त्यांनी विधिमंडळाला राजी केले.

७ मे १९६८ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्या पदावर असतानाच वारल्या. त्याच वर्षी लागोपाठ दोन मुदतींना परवानगी देणारी घटनादुरुस्ती झाली. जॉर्ज १९७० मध्ये निवडून आले आणि १९७४ मध्ये पुन्हा.