बाजेखाली दोन विटा

"काही नाही रे, पित्त हाय," म्हणत आमचे काका रात्री दोनला बाजेवर उठून बसतात. घशाशी आंबट पाणी, छातीच्या मधोमध आग. बंडीच्या खिशात खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुडीशेजारी गोळ्यांची पट्टी असतेच.

हे पित्त नव्हेच. पित्त यकृतात तयार होतं. इथे जाळतं ते जठरातलं आम्ल. बहुतेकांचं ते वाढलेलंही नसतं, नको तिथे चढलेलं असतं. जठराला ते सोसणारं चिकट अस्तर आहे, वीतभराहून थोड्या लांब अन्ननलिकेला तसं नाही. दोघांच्या मधली स्नायूंची कडी अवेळी सैल पडली, की आम्ल वर येतं. तंबाखूने ती सैलावते. तुडुंब जेवून तुरीच्या सोंगणीला वाकलं, तर पोटाचा दाब आम्लाला वर ढकलतो. झणझणीत सावजी रस्सा मात्र फुकट बदनाम आहे: ज्याला तो बाधतो त्याने सोडावा, इतरांनी कशाला?

आता गोळी. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधं जठरातले आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप बंद पाडतात, पण चालू असलेलेच. हे पंप जोरात सुरू होतात जेवणाने. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. रात्री दोनला ती घेणं म्हणजे लाइन गेल्यावर मोटार बंद करायला विहिरीवर जाणं. महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली, तर काही दिवस आम्ल उसळून येतं. ती डॉक्टरांना विचारूनच कमी करावी.

निदानासाठी दरवेळी यंत्र लागत नाही. लक्षणं ठळक असतील तर डॉक्टर साधारण 8 आठवडे गोळी देऊन बघतात. पण घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल, तर दुर्बिणीची तपासणी लगेच करावी. ती नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात होते. दुर्बिणीत सगळं ठीक दिसूनही आजार असू शकतो. मग नाकातून बारीक नळी घालून 24 तास आम्ल मोजतात. त्यातला 6 टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळपास दीड तास, अन्ननलिकेत आम्ल आढळलं की निदान पक्कं.

छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे गेली, घाम फुटला, तर 'गॅस' म्हणून सोडा पीत बसू नका. आधी ईसीजी.

काकांचं जेवण आता झोपण्याच्या तीन तास आधी होतं. खर्रा सुटलेला नाही. डाव्या कुशीवर झोपतात. तसं झोपल्यावर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवल्यात, 15 सेंटीमीटरची उंची. दोन उशांनी हे साधत नाही, नुसती मान वर होते आणि पोट दुमडतं. बाज मात्र आधी आवळून घ्यावी लागली. सैल बाजेत माणूस झोळीसारखा लोंबतो, मग विटा असून नसून सारख्याच.