अनुप्रास : इंग्रजी कवितेतला दागिना होण्याआधी

बारावीच्या इंग्रजीत 'अलिटरेशन' म्हणजे अनुप्रास इतर अलंकारांच्या रांगेत येतं आणि एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द दाखवले की काम संपतं. सर्वांत जुन्या इंग्रजी कवितेत मात्र हा अलंकार नव्हताच. तोच छंद होता.

'बेओवुल्फ' हे ३,१८२ ओळींचं काव्य घ्या. त्याचं एकमेव हस्तलिखित साधारण इ.स. १००० च्या सुमाराचं. यमक नाही, अक्षरगणना नाही. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, प्रत्येकात दोन ठसठशीत आघात, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या जागा. तिसऱ्या आघाताचा आद्यध्वनी पहिल्या किंवा दुसऱ्याशी, कधी दोघांशीही जुळायलाच हवा. चौथा सहसा मोकळा. स्वर मात्र कोणताही कोणत्याही स्वराशी जुळलेला चाले. हा सांधा निखळला तर ओळच उरत नाही. कविता डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ऐकली जात होती, त्या काळाची ही रचना आहे.

१०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन इंग्लंडवर चालून आले, दरबारात फ्रेंच बसली आणि तिच्याबरोबर यमक रुजलं. तरी चौदाव्या शतकात 'पिअर्स प्लाउमन' आणि 'सर गॉवेन अँड द ग्रीन नाइट' या काव्यांनी जुनी चाल दणक्यात परत आणली. त्याच शतकात कवी चॉसरच्या 'द कँटरबरी टेल्स'मधला पाद्री मात्र सांगतो, मी दक्षिणेकडचा माणूस, मला ते 'रम, रॅम, रफ' (म्हणजे असा अनुप्रास) जमत नाही.

'अलिटरेशन' हे नाव तर फार उशिरा आलं. पंधराव्या शतकात इटलीतल्या पोंतानो या कवीने ते लॅटिनमध्ये घडवलं. पुढे इंग्लंडच्या शाळांत लॅटिन वक्तृत्वशास्त्र घोकून घेतलं जाऊ लागलं आणि १५७७ मध्ये हेन्री पीचमने इंग्रजीत अलंकारांचा कोशच छापला. आजच्या पाठ्यपुस्तकातली वर्गवारी याच परंपरेतली, जुन्या इंग्रजी कवींची नव्हे. माझ्या मते, अनुप्रास नुसता शोभेचा वाटतो तो यामुळेच.

शेक्सपिअरपर्यंत तर अतिरेकी अनुप्रास हसण्यावारी गेला होता. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधले हौशी नट 'ब' ची अशी सरबत्ती करतात की करुण प्रसंगाचाच फार्स होतो.

छंद म्हणून तो तरीही संपला नाही. न्यूयॉर्कच्या एका बारमध्ये भेटलेल्या चार अनोळखी माणसांवरची कवी ऑडेनची 'द एज ऑफ अँग्झायटी' ही दीर्घकविता १९४७ साली प्रसिद्ध झाली, ती याच चार आघातांच्या चालीत. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं.