मुलांच्या टिक्स: मूळ कारण वेगळं, निमित्त वेगळं

सहा-सात वर्षांचं मूल एकाएकी डोळे मिचकावू लागतं, मान झटकतं, नाक ओढतं किंवा सारखा घसा खाकरतं. घरात शोध सुरू होतो: मोबाइलमुळे? जंत झाले असतील? शाळेत कुणी रागावलं? मागच्या महिन्यातल्या तापाचं काही? शोध घ्यायलाच हवा. पण त्यात दोन प्रश्नांची गल्लत होते. या टिक्स, म्हणजे इच्छा नसताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज, मुळात का आहेत, हा एक प्रश्न. आज संध्याकाळी त्या का वाढल्या, हा दुसरा. पहिल्यावर पालकांचा इलाज चालत नाही, दुसऱ्यावर बराच चालतो.

मूळ कारण मेंदूच्या जडणघडणीत असतं. मेंदूच्या आत खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा भाग नको त्या हालचाली थोपवून धरतो. टिक्स असलेल्या मुलांत हा आवर थोडा सैल असतो. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. स्वीडनमधल्या कुटुंबांच्या नोंदींवरून 2015 साली तो सुमारे 77 टक्के असल्याचं दिसलं. टिक्स बहुधा 4 ते 6 या वयात सुरू होतात, 10 ते 12 या वयात सर्वांत जास्त असतात आणि बहुतेकांच्या पुढे ओसरतात. मुलग्यांमध्ये त्या मुलींच्या तीन-चार पट आढळतात. आईवडिलांच्या लाडांमुळे किंवा धाकामुळे हा विकार होत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही नीट समजावून सांगावं.

निमित्त शोधताना मात्र एक मोठा चकवा आहे. टिक्स आपोआप काही आठवडे वाढतात, काही आठवडे कमी होतात. एक जाते, दुसरी येते. पालक उपाय करतात तो त्या अगदी वाढल्या की. त्यानंतर उतार तसाही येणारच असतो, आणि श्रेय मिळतं गहू बंद केल्याला किंवा नव्या सिरपला. उलटही घडतं. एकाग्रतेसाठीच्या मिथाइलफेनिडेट या औषधाने टिक्स वाढतात, असं अनेक वर्षं मानलं जायचं. एडीएचडी (एकाग्रतेचा अभाव आणि अतिचंचलता) आणि टिक्स दोन्ही असलेल्या 136 मुलांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2002 साली आले. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांपैकी 20 टक्के मुलांच्या टिक्स वाढल्या. औषधाचा अंशही नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 22 टक्के मुलांच्या! म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि निदान तीन-चार आठवडे थांबून मगच मत बनवावं.

घशाच्या संसर्गाचंही तसंच. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूच्या संसर्गानंतर टिक्स आणि तीव्र मंत्रचळ एकाएकी उफाळून आल्याची वर्णनं 1998 पासून आहेत. पण या जिवाणूचा संसर्ग होऊन गेल्याची खूण शोधणारी एएसओ ही रक्ततपासणी कितीतरी निरोगी शाळकरी मुलांतही वाढलेली येते. नुसत्या डोळे मिचकावण्यासाठी ती करून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देणं चूक आहे.

हे टिक्सच आहेत ना, याची खात्री आधी करावी. डोळे खाजत, लाल होत असतील तर नेत्रतज्ज्ञ. मूल काही सेकंद शून्यात पाहत राहिलं, हाकेला ओ देत नसेल, तर फिट्सचा विचार हवा. टिक येताना भान सुटत नाही. हालचाली वाहत्या, अखंड असतील, हातातून वस्तू पडत असतील, बाहेर काढलेली जीभ स्थिर राहत नसेल, तर तो संधिवाताच्या तापानंतरचा कोरिया हा हालचालींचा विकार असू शकतो आणि त्यात हृदयाचीही तपासणी लागते. घरी मोबाइलवर एक-दोन मिनिटांचं चित्रण करून न्यावं, कारण डॉक्टरांसमोर टिक्स अनेकदा गायब होतात.

आता नोंदी. दोन आठवडे, रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं, मुलाला कळू न देता टिक्स मोजाव्यात. आपल्यावर लक्ष आहे हे त्याला कळलं की त्यांचं प्रमाण बदलतं. सोबत तीन गोष्टी लिहाव्यात: आधी काय चाललं होतं, टिक कोणती, आणि लगेच नंतर आजूबाजूच्यांनी काय केलं. जागरण, परीक्षा, सहलीची उत्सुकता, दमणूक, नुसतं टीव्हीसमोर बसणं, अशी निमित्तं सहसा सापडतात. तबला किंवा खेळ यांत मूल रंगलं की टिक्स कमी होतात.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगी, आणि तीच लिहायची राहते. समजा, गृहपाठाला बसलं की खाकरणं वाढतं. आई म्हणते, "राहू दे बाळा, पाणी पी, थोडं खेळून ये." मूल मुद्दाम काहीच करत नाही, तरी खाकरलं की सुटका होते, हे त्याच्या मेंदूत रुजतं. उपाय असा: गृहपाठाचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करावेत, टिक्स येवोत न येवोत मधली सुट्टी ठरलेल्या वेळीच द्यावी, आणि खाकरण्यावर कुणीही, अगदी आजीनेही, काही बोलू नये. "थांबव ते" म्हणणं हेही निमित्तच असतं.

याच्या जोडीला वर्तनोपचारात मुलाला टिकच्या आधीची हुरहुर ओळखायला शिकवतात. ती जाणवताच टिकला अडवणारी क्रिया मिनिटभर किंवा हुरहुर ओसरेपर्यंत करायची: खाकरण्यासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास, मान झटकण्यासाठी हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलकेच ताठ. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 126 मुलांवरच्या अमेरिकी चाचणीत दहा आठवड्यांतल्या आठ बैठकांनंतर या उपचाराने 52.5 टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा झाली; नुसतं समुपदेशन आणि आधार मिळालेल्यांत 18.5 टक्के. औषधांचा विचार मान दुखू लागली, इजा होऊ लागली किंवा शाळेत बसणं अवघड झालं की करावा. ज्या टिक्सचा मुलाला त्रास नाही, त्यांना उपचारांची गरज नाही.