कॉफीपान, कोल्हापुरातील

कोल्हापूर शहर व परिसरात रूढ असलेली कॉफी करण्याची, देण्याची आणि पिण्याची रीत. कॉफिया अरॅबिका आणि कॉफिया कॅनेफोरा (रोबस्टा) या रुबिएसी कुलातील झाडांच्या बिया भाजून व दळून हे पेय करतात, हे सर्वत्र सारखेच. कोल्हापुरात मात्र कॉफी हा मुख्यतः दुधाचा प्रकार समजला जातो. पाणी न घातलेले किंवा नावापुरते घातलेले म्हशीचे दूध, सढळ साखर आणि जायफळ-वेलदोड्याचा वास ही येथील घरगुती कॉफीची सर्वमान्य कल्पना होय. दक्षिणेकडे कॉफीची चव बियांवरून व भाजणीवरून ठरवतात. येथे ती दुधावरून ठरते. ‘कॉफी पातळ झाली’ या तक्रारीचा रोख कोल्हापुरात पुडीकडे नसतो, दुधाकडे असतो.

नाव व व्युत्पत्ती : सध्याच्या मराठीत ‘कॉफी’ हे रूप स्थिर झाले आहे, बोलीत ‘काफी’ आणि सीमाभागात कन्नडच्या वळणाने ‘कापी’ असेही ऐकू येते. त्यांखेरीज ‘बुंद’ व ‘कावा’ हे दोन जुने शब्द आहेत. ते आता प्रचारातून गेले असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अरबी भाषेत झाडाला व बीला ‘बुन्न’ आणि तयार पेयाला ‘कहवा’ म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरील भाषांनी हा भेद तसाच उचलला : दाणा तो बुंद, पेय तो कावा. गुजरातीत ‘बुंददाणा’ हा शब्द अजून समजतो. ‘कॉफी’ हे रूप तुर्की ‘काहवे’, डच ‘कॉफी’ व इंग्रजी अशा लांबच्या वळशाने आले.

‘कहवा’ या शब्दाच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार तो इथिओपियातील काफा या प्रदेशनामावरून आला. दुसऱ्या मतानुसार तो मुळात मद्याचे नाव असून, भूक मंदावणे या अर्थाच्या अरबी धातूशी त्याचे नाते आहे. येमेनमधील सूफींनी रात्रीच्या जपासाठी हे पेय घेण्यास सुरुवात केल्यावर (सुमारे पंधरावे शतक) मद्याचेच नाव त्याला लागले असावे. काफा हे स्थान कॉफीच्या जन्मभूमीत असल्याने पहिले मत आकर्षक वाटते. परंतु खुद्द इथिओपियात कॉफीला ‘बुना’ म्हणतात, ‘काफा’ नव्हे. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. या हिशोबाने मराठीतील विसरलेला ‘बुंद’ हा शब्द आजच्या ‘कॉफी’पेक्षा मूळ नावाच्या कितीतरी जवळचा आहे.

आगमन : भारतातील कॉफीच्या आगमनाविषयी बाबा बुदन यांची कथा सर्वपरिचित आहे. मक्केच्या यात्रेहून परतताना मोखा बंदरातून त्यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असे ती सांगते. ही घटना काही जण १६०० च्या सुमारास, तर काही १६७० च्या सुमारास मानतात. ‘सतरावे शतक’ एवढेच म्हणणे सुरक्षित होय. सातचा आकडा शुभ मानला जात असल्याने तो कथेचा भाग असण्याचा संभव अधिक. त्याच डोंगरावर दत्तात्रेयाचे पीठ मानले जाते. दत्तभक्तांच्या लेखी कोल्हापूर हे दत्ताच्या नित्य संचाराचे ठिकाण, आणि नृसिंहवाडी जवळच. त्यामुळे येथील भाविकांना हा डोंगर कॉफीपेक्षा दत्तस्थान म्हणूनच आधी ठाऊक असतो.

मात्र लागवड आणि पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत वारंवार होते. कॉफीचे झाड भारतात रुजण्यापूर्वीच कॉफी पिणे येथे परिचित झाले असावे. १६१६ मध्ये भारतात आलेला आणि मोगल दरबारातील इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याकडे राहिलेला पाद्री एडवर्ड टेरी याने, मद्य वर्ज्य मानणारे धर्मनिष्ठ लोक काळे बी पाण्यात उकळून केलेले पेय घेतात, अशी नोंद केली आहे. तांबड्या समुद्राशी आणि इराणच्या आखाताशी व्यापार असलेली दाभोळ व राजापूर ही बंदरे त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत होती. पन्हाळा व कोल्हापूरचा मुलूखही तिच्याच अमलात होता. राजापुरातून अणस्कुरा घाटाने माल वर चढला की तो थेट याच प्रदेशात उतरे. तेव्हा येथे कॉफीची पहिली ओळख दक्षिणेकडील मळ्यांतून न होता कोकणातून घाट चढून आलेल्या बुंदाने झाली असावी, असे मानण्यास जागा आहे. अर्थात ती दरबारी व किल्ल्यांवरील मंडळींपुरती; सर्वसामान्य घरांत हे पेय फार उशिरा आले.

म्हैसूर व कूर्ग भागांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यापारी मळे उभे राहिले. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि मिरजेहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गाशी शहर जोडले गेले. त्यानंतर कॉफीचा ओघ घाटाऐवजी दक्षिणेकडून सुरू झाला, हे उघड आहे.

स्थानिक लागवड : राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) पन्हाळ्याच्या परिसरात चहा आणि कॉफी यांच्या लागवडीचे प्रयोग झाले. त्यांपैकी चहाची आठवण लोकांत टिकली, कॉफीची जवळपास पुसली गेली. कॉफीला सावली, वर्षभर विभागून पडणारा पाऊस आणि विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्यासाठी एखादी चांगली सर लागते; त्यालाच मळेवाले ‘फुलोऱ्याचा पाऊस’ म्हणतात. पन्हाळ्यावर पावसाळ्याचे चार महिने धो धो आणि पुढे दीर्घ कोरड, हे मान कॉफीच्या प्रकृतीला मानवणारे नाही.

चहाची छाया स्थानिक इतिहासावरही पडली आहे. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर सुमारे १९२० मध्ये भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल काढले आणि महाराज तेथे उघडपणे चहा घेत. अस्पृश्यतेविरुद्धच्या या प्रसिद्ध प्रसंगामुळे शहराच्या स्मृतीत हॉटेल म्हटले की चहा हेच समीकरण बसले. कॉफीच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही.

दूध : कोल्हापुरी कॉफी समजायची तर आधी येथील दुधाकडे पाहावे लागते. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून धारोष्ण दूध पाजण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. तालमींतील पैलवानांचा खुराक हे तिचे एक कारण सांगितले जाते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध संघाने (‘गोकुळ’) आणि वारणेच्या सहकारी दूध संघाने गावोगावचे दूध संकलन बांधून घेतले. पण घरी रतीब लावून म्हशीचेच दूध घेण्याचा आग्रह सुटला नाही.

म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के, गाईच्या दुधात ३.५ ते ४ टक्के असतो. म्हशीच्या दुधात केसीन हे प्रथिनही अधिक असते. कॉफीतील तुरटपणा आणणारी क्लोरोजेनिक आम्ले व तत्सम द्रव्ये या प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे तोंडाला आवळल्यासारखे होत नाही. परिणामी, एरवी बोचरी लागणारी कमी प्रतीची रोबस्टाही अशा दुधात निभावून जाते आणि उलट उंची अरॅबिकाचे आंबटसर बारकावे त्यात पार बुडतात. बियांच्या प्रतीविषयी कोल्हापूरकर फारसे चोखंदळ नसतात असे म्हटले जाते, त्यामागील कारण बेपर्वाई नसून दूध आहे. साय हा मात्र वादाचा विषय आहे. जुन्या पिढीला कपावर सायीचा थर हवा असतो. तरुण मंडळी ती बोटाने बाजूला सारतात. गाळणे जवळ आणले तर ‘साय काढू नकोस’ असे ओरडणारे एक तरी माणूस बहुतेक घरांत सापडते.

गूळ घालून कॉफी करण्याचा प्रघात थोडा आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी दुधात उकळताना गुळातील आम्लांश व क्षार यांमुळे दूध फाटण्याची धास्ती असते. म्हणून आच बंद करून, दूध किंचित निवल्यावर गूळ घालतात. साखरेच्या बाबतीत असा काही सोपस्कार नाही आणि हात आखडताही घेतला जात नाही.

जायफळ : कॉफीत जायफळ घालणे ही केवळ कोल्हापूरची नव्हे, तर एकंदर मराठी घरांची खूण आहे. कन्नड व तमिळ पद्धतीच्या कॉफीत ते सहसा नसते. ही चाल कोठून आली याविषयी दोन तर्क आहेत. अरबी कहव्यात वेलदोडा घालण्याची पद्धत जुनी असल्याने तिचाच हा विस्तार, असा एक. आणि बासुंदी, श्रीखंड, आटीव दूध यांत जायफळ आधीपासून पडत असल्याने कॉफी दुधाच्या पंगतीत बसल्यावर तिलाही तेच लागले, असा दुसरा. वेलदोड्याला पहिला तर्क लागू पडतो, जायफळाला दुसरा अधिक जुळतो.

जायफळ (मिरिस्टिका फ्रॅग्रन्स) हे मूळचे मोलुकातील बांदा बेटांचे. आता कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून घेतले जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ व ‘कोकण श्रीमंती’ या जाती दिल्या आहेत. त्यातील सुगंधी तेल स्निग्धांशात विरघळते, म्हणून पाण्याच्या कॉफीत जायफळ तरंगते आणि दुधाच्या कॉफीत मुरते. किसणीच्या बारीक बाजूवर जायफळ दोन-तीनदा फिरवून तो भुगा भांडे उतरवताना घालतात आणि लगेच झाकण ठेवतात. आधी घालून उकळले तर वास उडून कडवटपणा राहतो. अर्धवट झिजलेले, एका बाजूने सपाट झालेले आणि आतली संगमरवरी नक्षी दिसणारे जायफळ फोडणीच्या डब्याशेजारी कागदात गुंडाळलेले असते. ते पुरते वर्षभर. प्रमाण वाढल्यास गुंगी येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. झोप आणणारे जायफळ आणि झोप घालवणारे कॅफीन एकाच कपात घालण्यातील विसंगती परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलांच्या आयांना कधी जाणवलेली दिसत नाही.

चिकोरी व पूड : दळलेल्या कॉफीत चिकोरी (सिकोरियम इंटिबस) या वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड मिसळतात. तिच्यात कॅफीन नसते. इन्युलीन या कर्बोदकाच्या भाजणीमुळे गडद रंग, दाटपणा आणि गोडसर कडूपणा येतो. भारतीय नियमांनुसार मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि वेष्टनावर प्रमाण छापावे लागते. दुकानात ‘८०-२०’ किंवा ‘७०-३०’ असे मागतात, त्यातील दुसरा आकडा चिकोरीचा. कोल्हापूर-सांगली भागात दिगंबर जैन समाज मोठा आहे आणि कंदमुळे कटाक्षाने टाळणाऱ्यांना हे मिश्रण चालत नाही. अशी घरे निव्वळ कॉफीची पूड घेतात.

झटपट विरघळणारी पूड आल्यावर घरातील उकळून, निवळून, फडक्यातून गाळण्याची पद्धत मागे पडली. तिच्यासोबत ‘फेटलेली कॉफी’ आली. कपात पूड, साखर आणि जेमतेम चमचाभर पाणी घेऊन चमच्याने घोटत राहायचे. काळा चोथा आधी तपकिरी, मग बदामी आणि शेवटी फिकट, फुगीर होतो. मग वरून उकळते दूध उंचावरून ओततात. पाहुण्यांचे बोलणे बाहेर चालू असताना स्वयंपाकघरातून येणारा चमच्याचा टकटक आवाज हीच आत काय शिजते आहे याची वर्दी असते.

प्रसंग व संकेत : ‘च्या टाकू काय कॉफी?’ हा प्रश्न औपचारिक नसतो. रोजच्या येणाऱ्याला चहा, आणि बऱ्याच दिवसांनी आलेल्या, परगावच्या किंवा मान ठेवावा अशा माणसाला कॉफी, असा संकेत आहे. त्यामुळे पाहुणा आपणहून कॉफी मागत नाही. ‘कॉफी घेतासा न्हवं?’ असे घरच्यांनीच विचारायचे असते. एकादशीला व नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपवासात दुधाची कॉफी चालते. त्या दिवसांत ती सन्मानाची न राहता आधाराची होते. पोट बिघडले की लिंबू पिळलेली कोरी कॉफी देतात. तिला पेय न म्हणता औषध म्हणतात. तालमीत वस्तादांचा चहा-कॉफी दोन्हींना विरोध असतो. दोन्ही ‘उष्ण’ आणि भूक मारणारी, हे त्यांचे म्हणणे ‘कहवा’च्या वर दिलेल्या दुसऱ्या व्युत्पत्तीशी जुळते, हा निव्वळ योगायोग.

लग्नसमारंभात वाफेच्या यंत्रावरील कॉफी असते. तिला सर्रास ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात, पण इटालियन एस्प्रेसोशी तिचा संबंध नावापुरताच. मूळ पद्धतीत दाबाखालील गरम पाणी दळलेल्या कॉफीतून जाते; येथे वाफेची नळी दुधाच्या भांड्यात सोडून फेस काढतात, आधी विरघळवलेली कॉफी त्यात मिसळतात आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरतात. फुस्स आवाजाभोवती मुलांचा घोळका ठरलेला.

हॉटेलांतील कॉफी : उडुपी पद्धतीच्या हॉटेलांनी गाळणीची, म्हणजे दोन मजली पितळी भांड्यात उतरवलेल्या अर्काची कॉफी आणली. ती पेला-वाटीत देतात. निपाणी-बेळगावकडे जावे तसे तिचे प्रमाण वाढते. येथील गिऱ्हाईक तीही अनेकदा ‘दूध जास्त’ अशी सूचना देऊनच घेते. चहाच्या गाड्यांवर कॉफी मिळते, पण वेगळे भांडे नसल्याने तिला चहाचा वास येतो, ही जुनी कुरकुर आहे. रंकाळ्याकाठी व आइस्क्रीमच्या दुकानांत थंड कॉफी खपते; तिच्यावर आइस्क्रीमचा गोळा गृहीत धरलेला असतो. राजारामपुरी, ताराबाई पार्क या भागांतील नव्या कॅफेंत बियांचे मूळ व भाजणी सांगून बिनदुधाची कॉफी देतात. तिला बाहेर ‘कोरी’च म्हणतात, आणि ती घेणाऱ्याला पोट बरे आहे ना, असे हमखास विचारले जाते.