लिबर्टेरियन पक्षाच्या अध्यक्षीय प्राथमिक निवडणुका

अमेरिकेतील लिबर्टेरियन (व्यक्तिस्वातंत्र्यवादी) पक्ष दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यापूर्वी काही राज्यांत मतदारांची पसंती अजमावतो. या मतदानाला पक्षाच्या प्राथमिक निवडणुका किंवा रूढ शब्दांत प्रायमरी म्हणतात. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांत प्रायमरीतील मतांवरून राष्ट्रीय अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींची वाटणी होते आणि ते प्रतिनिधी बव्हंशी त्या मतांना बांधलेले असतात. लिबर्टेरियन पक्षात तसे बंधन नाही. उमेदवारी देण्याचा अधिकार सर्वस्वी राष्ट्रीय अधिवेशनाला जमलेल्या सुमारे हजारभर प्रतिनिधींचा असतो, आणि राज्याराज्यांतील प्रायमरीचा कौल त्यांच्या दृष्टीने निव्वळ सल्ल्याच्या मोलाचा असतो. तो त्यांनी अनेकदा ऐकला आहे आणि अनेकदा सोडूनही दिला आहे.

पक्षाची स्थापना ११ डिसेंबर १९७१ रोजी कोलोरॅडो राज्यात झाली. पुढच्याच वर्षी डेन्व्हर येथील पहिल्या अधिवेशनात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स यांना राष्ट्राध्यक्षपदाची आणि टोनी नेथन यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. देशभरात त्यांना चार हजारांच्या आतच मते पडली. मात्र व्हर्जिनियातील एका रिपब्लिकन निर्वाचकाने (राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्षपदासाठी अंतिम मत देणाऱ्या प्रतिनिधीने) आपले मत या जोडीला दिल्यामुळे नेथन या निर्वाचक-मत मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यानंतर बरीच वर्षे पक्ष उमेदवार निवडणुकीच्या आदल्या वर्षीच ठरवून टाकीत असे : १९८० साठी १९७९ मध्ये लॉस एंजलिस येथे, १९८८ साठी १९८७ मध्ये सिअ‍ॅटल येथे, १९९२ साठी १९९१ मध्ये शिकागो येथे. छोट्या पक्षाला प्रत्येक राज्याच्या मतपत्रिकेवर नाव आणण्यासाठी सह्या गोळा करीत हिंडावे लागते आणि त्या कामाला वेळ लागतो, हे ध्यानात घेतले की या घाईचा अर्थ लागतो. इतक्या लवकर निवड होत असताना प्रायमरीला फारसा वाव उरत नव्हता. १९९६ पासून अधिवेशन निवडणुकीच्याच वर्षी भरू लागले.

प्रायमरी कोणत्या राज्यात होणार, हे पक्षापेक्षा त्या राज्याचा कायदा अधिक ठरवतो. मागील निवडणुकीतील मतांचे ठरावीक प्रमाण किंवा नोंदणीकृत मतदारांची ठरावीक संख्या गाठणाऱ्या पक्षाला राज्य मान्यता देते, आणि काही राज्यांत अशा पक्षाची प्रायमरी सरकारी यंत्रणाच मोठ्या पक्षांबरोबर, त्याच दिवशी व त्याच मतदान केंद्रांवर घेते. ३ मार्च २०२० रोजी कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि नॉर्थ कॅरोलायना येथे अशी मतदाने झाली, १० मार्चला मिझुरीत आणि १२ मे रोजी नेब्रास्कात. सरकारने नागरिकांच्या आयुष्यात शक्य तितका कमी हात घालावा असे मानणाऱ्या पक्षाची प्रायमरी सरकारी खर्चाने पार पडते, ही विसंगती विरोधकांच्या आधी पक्षातील कडव्या सभासदांनाच बोचते. जिथे अशी सोय नाही तिथे राज्यशाखा टपालाने मतपत्रिका पाठवून, सभा म्हणजे कॉकस भरवून किंवा ऑनलाइन मतदान घेऊन आपापल्या सभासदांचा कल पाहतात. बऱ्याच राज्यांत तर काहीच होत नाही. मतदार कोण, याचेही उत्तर जागोजागी बदलते. कॅलिफोर्नियात कोणत्याच पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला लिबर्टेरियन मतपत्रिका मागून घेता येते, तर टपाली मतदान राज्यशाखेच्या सभासदांपुरतेच राहू शकते. त्यामुळे सर्व राज्यांतील आकड्यांची बेरीज करून कोणी आघाडीवर आहे असे म्हणणे फारसे अर्थपूर्ण ठरत नाही.

२०२० चे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. आयोवाची कॉकस आणि कॅलिफोर्नियाची प्रायमरी यांसह बहुतेक ठिकाणी उमेदवारीसाठी इच्छुक जेकब हॉर्नबर्गर यांनी बाजी मारली. न्यू हॅम्पशायरच्या टपाली मतदानात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये डोक्यावर उलटा बूट घालून हिंडणारे आणि प्रत्येक अमेरिकनाला एकेक तट्टू देण्याचे आश्वासन देणारे विडंबनकार व्हर्मिन सुप्रीम पहिले आले. नॉर्थ कॅरोलायनात तर सर्वाधिक मते ‘कोणालाच पसंती नाही’ या पर्यायाला पडली. नेब्रास्का जिंकणाऱ्या जो जॉर्गेन्सन यांचे नाव तोवर आघाडीवर नव्हते. टेक्सासमधील ऑस्टिन येथे ठरलेले अधिवेशन कोव्हिडमुळे रद्द झाले, मे महिन्याच्या अखेरीस प्रतिनिधी आपापल्या घरून संगणकासमोर बसले, आणि चौथ्या फेरीत त्यांनी जॉर्गेन्सन यांनाच ५१ टक्क्यांच्या आसपास मतांनी उमेदवारी दिली. हॉर्नबर्गर दुसरे राहिले.

हे प्रतिनिधी राज्यशाखांच्या अधिवेशनांत निवडले जातात. कोणत्या राज्याला किती जागा, हे त्या राज्यातील वर्गणीदार सभासदांची संख्या आणि मागच्या अध्यक्षीय निवडणुकीत तेथे पक्षाला मिळालेली मते यांवरून ठरते. राज्याच्या लोकसंख्येवरून नव्हे. सभासद होताना राजकीय वा सामाजिक उद्दिष्टांसाठी बळाचा वापर प्रथम आपण करणार नाही, अशा आशयाच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. थोडक्यात, उमेदवार निवडणारा माणूस हा साधा मतदार नसून पक्षाची घटना आणि तत्त्वे तोंडपाठ असलेला कार्यकर्ता असतो, आणि प्रायमरीतला कल अधिवेशनात उलटण्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

अधिवेशनात प्रत्येक प्रतिनिधीला टोकन मिळते. इच्छुक उमेदवार सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत, जेवणाच्या टेबलांवर, लिफ्टपाशी प्रतिनिधींना गाठून ही टोकने मागत फिरतात, कारण ठरावीक संख्येने ती जमवल्याखेरीज वादविवादाच्या मंचावर चढता येत नाही. मतदानाच्या वेळी राज्यांची नावे क्रमाने पुकारली जातात, प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधींचा प्रमुख ध्वनिक्षेपकापाशी येऊन आधी आपल्या राज्याचे कौतुक करतो आणि मग आकडे वाचतो. छापील यादीत नसलेले नावही प्रतिनिधी हाताने लिहू शकतात. विजयासाठी निम्म्यांहून अधिक मते लागतात. ती कोणालाच न मिळाल्यास सर्वांत कमी मतांचा उमेदवार गळतो आणि पुन्हा मतदान होते. २०१६ मध्ये ऑर्लँडो येथे गॅरी जॉन्सन यांना पहिल्या फेरीत ४९.५ टक्के मते मिळून विजय थोडक्यात हुकला आणि दुसरी फेरी घ्यावी लागली. २००८ मध्ये डेन्व्हर येथे बॉब बार सहाव्या फेरीत निवडले गेले.

उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही प्रतिनिधीच वेगळ्या मतदानाने निवडतात, अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपल्या पसंतीचा जोडीदार नेमण्याची पद्धत येथे नाही. २०१६ मध्ये विल्यम वेल्ड यांना निवडा, अशी विनवणी जॉन्सन यांना प्रतिनिधींपुढे करावी लागली. २०२० मध्ये जॉर्गेन्सन यांच्या जोडीला आले ते स्पाइक कोहेन, जे तोवर व्हर्मिन सुप्रीम यांचे जोडीदार म्हणून प्रचार करीत होते.

प्रत्येक फेरीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतोच, आणि तो जिंकल्यास पक्ष त्या पदासाठी उमेदवारच देत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील निकालानंतर मतदान यंत्रावर आलेला नोटा मराठी मतदाराला परिचित आहे; २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. मात्र विधानसभा व लोकसभेच्या निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता याला अपवाद करीत महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये फेरनिवडणुकीची तरतूद केली, ती लिबर्टेरियन पक्षाच्या नियमाच्या बरीच जवळ जाते. हा पर्याय किती धारदार असतो ते २०२४ मध्ये वॉशिंग्टन येथे दिसले. अधिवेशनात पाहुणे म्हणून बोलायला आलेल्या डॉनल्ड ट्रम्प यांची हुर्यो उडवली गेली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने अवघी सहा मते लिहिली गेली, त्या वर्षी अपक्ष म्हणून लढत असलेले रॉबर्ट केनेडी (धाकटे) पहिल्याच फेरीत गळाले, आणि सातव्या फेरीत चेस ऑलिव्हर यांच्यासमोर ‘कोणीही नाही’ हा एकच प्रतिस्पर्धी उरला. ऑलिव्हर यांनी त्याला सुमारे साठ टक्के मतांनी हरवले.

ग्रीन पक्ष हा दुसरा छोटा पक्ष याबाबत वेगळ्या वाटेने जातो. त्याच्या राज्यशाखा प्रायमरी वा सभांमधील मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटून देतात आणि ते पहिल्या फेरीत त्या कौलाला सर्वसाधारणपणे बांधलेले असतात, म्हणून तेथे निकाल अधिवेशनाआधीच बराचसा स्पष्ट झालेला असतो.

लिबर्टेरियन अधिवेशनाचा निर्णयही राज्यशाखा निमूटपणे स्वीकारतात असे नाही. मतपत्रिकेवर नाव पाठवण्याची यंत्रणा राज्यपातळीवर असल्याने नाराज शाखेच्या हाती एक अडसर राहतो. २०२४ मध्ये ऑलिव्हर यांच्या निवडीवर रुष्ट झालेल्या कोलोरॅडोच्या शाखेने केनेडी यांना आपला उमेदवार जाहीर केले. राष्ट्रीय पक्षाने ऑलिव्हर यांचीच कागदपत्रे दाखल केली आणि त्या राज्याच्या मतपत्रिकेवर शेवटी ऑलिव्हर यांचेच नाव छापले गेले.