कांदा किती वेळा मोजायचा?

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पहाटे गेलात तर आधी ऐकू येतो तो गोणी आदळल्याचा आवाज. नाशिककडून रात्रभर घाट उतरून आलेल्या गाड्या, माथाडींच्या पाठीवरच्या गोण्या, गाळ्यासमोर गिऱ्हाइकाला चिरून दाखवलेला कांदा. महाराष्ट्राचं 2024-25 चं सकल उत्पन्न, म्हणजे वर्षभरात राज्यात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं एकूण मूल्य, 45 लाख कोटी रुपयांच्या पुढे जाईल असा सरकारी अंदाज होता. तो आकडा बनतो कसा, हे इथेच नीट कळतं.

समजा, शेतकऱ्याला किलोमागे 15 रुपये मिळाले, वाशीतून कांदा 20 ला निघाला आणि ठाण्यात नौपाड्यातल्या भाजीवाल्याने तो 28 ला विकला. तिन्ही विक्रींची बेरीज 63. पण पिशवीत कांदा किलोभरच! म्हणून प्रत्येक टप्प्यावर किमतीत पडलेली भरच धरायची: 15, मग 5, मग 8. झाले 28. (यातलं खत-डिझेल वजा करून ते त्या-त्या धंद्याच्या खात्यात टाकतात.) हेच मूल्यवर्धन. जीएसटीचं तत्त्वही हेच; ताज्या कांद्याला तो लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

उत्पन्न जिथे तयार झालं, त्या राज्याच्या नावावर चढतं. मग रेल्वेचं काय? ती एका राज्याची नाही. बँका, विमाही तसेच. त्यांचं देशभराचं मूल्यवर्धन काढून ठरावीक निकषांवर राज्यांना वाटून देतात.

खरी गंमत घरात आहे. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेला कांदा हिशेबात येतो. तुम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर न दिलेलं भाडंसुद्धा अंदाजाने धरतात. मात्र आईने कांदा चिरून पोहे केले, तर त्या मेहनतीचे शून्य रुपये. तेच पोहे ठाणे स्टेशनबाहेरच्या गाडीवर खाल्ले की राज्याचं उत्पन्न वाढलं! घरकामाला बाजारभाव नाही, म्हणून ते बाहेर ठेवतात. मला ही सबब लंगडी वाटते. न दिलेल्या भाड्याला तरी कुठे पावती असते? 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, तेच काम करणाऱ्या पुरुषांचा 97.

हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि विळी माझ्याकडे सरकवली.