इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह रॉक अल्बमची समीक्षा

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या व्यवस्थेबाहेर, किंवा निदान तिच्या कडेने, वाढलेल्या रॉक संगीताच्या अल्बमांचे जे मूल्यमापन प्रथम ब्रिटन व अमेरिकेतील नियतकालिकांनी आणि पुढे संकेतस्थळांनी केले, त्याची परंपरा हा या नोंदीचा विषय आहे. संगीताचे मूल्यमापन आणि कलावंताच्या व्यावसायिक वर्तनाचे मूल्यमापन ही दोन कामे या परंपरेत सहसा वेगळी राहिली नाहीत. तिच्यातील अनेक ठाम अभिप्राय पुढे बदलले गेले, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच दिसते.

रॉक समीक्षेचा आरंभ सामान्यतः पॉल विल्यम्स यांनी १९६६ मध्ये काढलेल्या ‘क्रॉडॅडी’ या अमेरिकन पत्रिकेपासून मानतात. ‘रोलिंग स्टोन’ (१९६७) आणि डेट्रॉइटचे ‘क्रीम’ (१९६९) ही त्यानंतरची. इंडी (‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र) संगीताची वेगळी समीक्षा मात्र कोठून धरावी, याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक मार्क पेरी यांनी जुलै १९७६ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या ‘स्निफिन ग्लू’ या फॅनझीनकडे बोट दाखवतात, कारण श्रोत्यानेच समीक्षक व्हावे हा पायंडा अशा घरगुती पत्रिकांनी रूढ केला. दुसरे मत जानेवारी १९७७ मधील ‘स्पायरल स्क्रॅच’ या रेकॉर्डला प्राधान्य देते. बझकॉक्स या मँचेस्टर परिसरातील बँडने ती न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्याच लेबलवर (रेकॉर्ड प्रकाशित करणाऱ्या संस्थेच्या नावाखाली) काढली, आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हेही तिच्या वेष्टनावर छापले. रेकॉर्ड कशी तयार झाली हाच समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे यातून सूचित झाले, असा या मताचा आशय आहे. तिसरे मत जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या स्वतंत्र रेकॉर्डच्या विक्रीक्रमवारीला आरंभ मानते. पहिल्या दोन मतांत प्रेरणा सांगितली जाते, तर तिसऱ्यात निश्चित निकष सापडतो. म्हणून तेच अधिक ग्राह्य वाटते.

हा निकष केवळ वितरणाचा होता. मोठ्या कंपन्यांच्या वितरणजाळ्यातून न जाणारी कोणतीही रेकॉर्ड या क्रमवारीस पात्र ठरे, मग तिचे संगीत कोणत्याही प्रकारचे असो. त्यामुळेच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीडब्ल्यूएल या स्वतंत्रपणे वितरित होणाऱ्या लेबलवरील काइली मिनोग यांची नृत्यानुकूल पॉप गाणी याच क्रमवारीत वर चढली, आणि गिटारप्रेमी समीक्षकांची चांगलीच पंचाईत झाली. तोवर ‘एनएमई’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये वाचकांसाठी काढलेल्या ‘सी८६’ या २२ बँडच्या कॅसेटमुळे ‘इंडी’ म्हणजे एक विशिष्ट, काहीसा कच्चा आणि किणकिणत्या गिटारींचा नाद, ही समजूत पक्की होऊ लागली होती. समीक्षकांनी वितरणाच्या निकषाचे अशा रीतीने सौंदर्यमूल्यात रूपांतर केले, आणि त्यातील नैतिक छटा मात्र कायम ठेवली.

अमेरिकेत हीच प्रक्रिया महाविद्यालयीन रेडिओच्या आश्रयाने घडली. १९७८ मध्ये सुरू झालेले ‘सीएमजे’ हे नियतकालिक या केंद्रांवरील प्रसारणाची नोंद ठेवी. ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने सप्टेंबर १९८८ मध्ये मॉडर्न रॉकची वेगळी क्रमवारी सुरू केली, तर ग्रॅमी पुरस्कारांत ऑल्टरनेटिव्ह संगीताचा विभाग १९९१ पासून आला. निर्वाणा या अमेरिकन बँडचा ‘नेव्हरमाइंड’ (सप्टेंबर १९९१) गेफन या मोठ्या कंपनीच्या समूहातील लेबलवर निघून जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सन यांच्या ‘डेंजरस’ला मागे टाकत अमेरिकन क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचल्यावर ‘ऑल्टरनेटिव्ह’ कशाला पर्याय, हा प्रश्न समीक्षकांना टाळता येईना. या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ने प्रथम पाचपैकी तीनच तारे दिले होते.

ब्रिटिश साप्ताहिकांची लेखनपद्धती आक्रमक होती. ‘एनएमई’, ‘मेलडी मेकर’ आणि ‘साउंड्स’ यांच्या स्पर्धेत एखाद्या नव्या बँडला डोक्यावर घेणे आणि दोन वर्षांत खाली आपटणे हे नित्याचे होते. स्लोडाइव्ह या बँडचा ‘सूव्हलाकी’ (१९९३) पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मरणे पत्करेन, अशा आशयाचे वाक्य ‘मेलडी मेकर’च्या समीक्षकाने लिहिले. १९९५ मध्ये क्रिएशन या लेबलने बँडशी करार संपवला. तोच अल्बम आज ‘शूगेझ’ या धूसर गिटारनादाच्या शैलीतील प्रमुख कृतींमध्ये गणला जातो. उलट उदाहरण स्लिंट बँडच्या ‘स्पायडरलँड’चे (१९९१) आहे: ध्वनिमुद्रक व संगीतकार स्टीव्ह अल्बिनी यांनी त्याला ‘मेलडी मेकर’मध्ये दहा तारे बहाल केले, आणि काळाने त्यांचा कौल उचलून धरला. याच बँडचा आधीचा अल्बम अल्बिनी यांनीच मुद्रित केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

गुणांकनाचा प्रश्न तांत्रिक असला तरी दुय्यम नाही. रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी १९६९ पासून ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात शालेय पद्धतीच्या अक्षरश्रेणी वापरल्या. इतरत्र पाच ताऱ्यांची पद्धत रूढ होती. रायन श्रायबर यांनी मिनियापोलिस येथे सुरू केलेल्या ‘पिचफोर्क’ या संकेतस्थळाने ०.० ते १०.० ही दशांश श्रेणी रूढ केली. तिच्यात १०१ पायऱ्या असल्याने ८.३ आणि ८.४ यांतील फरक समीक्षकाला खरोखर ऐकू येतो काय, ही शंका वाजवी ठरते. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ या समीक्षांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळाने या सर्व पद्धती शंभराच्या मापात बसवल्या. तेथे ‘ए’ श्रेणीचे १००, ‘ए उणे’चे ९१ आणि ‘बी अधिक’चे ८३ गुण होतात, तर तीन ताऱ्यांचे ६०. मूळ श्रेणीतील एक पायरी अशा रीतीने आठ-नऊ गुणांची, ताऱ्यांच्या बाबतीत तर वीस गुणांची होते. शिवाय कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला जातो हे जाहीर केले जात नाही. या सरासरीकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते.

दशांश श्रेणीचा प्रभाव आर्केड फायर या बँडच्या ‘फ्युनरल’ला (२००४) मिळालेल्या ९.७ गुणांमुळे ठळकपणे दिसला. तिची दुसरी बाजू अमेरिकन गायिका लिझ फेअर यांच्याबाबत दिसते. त्यांचा मॅटाडोर या स्वतंत्र लेबलवरील पहिला अल्बम १९९३ च्या ‘व्हिलेज व्हॉइस’ समीक्षक-मतदानात पहिला आला होता. कॅपिटल या मोठ्या कंपनीने काढलेल्या २००३ च्या अल्बमला, ज्यातील काही गाण्यांत व्यावसायिक पॉप गीतकारांचा हात होता, ‘पिचफोर्क’ने ०.० गुण दिले. समीक्षकाने २०१९ मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली, आणि २०२१ मध्ये या संकेतस्थळाने १९ अल्बमांचे गुण नव्याने ठरवले तेव्हा त्याला ६.० मिळाले. मूळ शून्य संगीतापेक्षा कथित पक्षांतराला दिले गेले होते, असेच मानणे सयुक्तिक ठरेल.

या मनोवृत्तीवरील टीका बरीच जुनी आहे. रॉकची मूल्ये सर्व संगीतावर लादण्याच्या सवयीला ‘रॉकिझम’ म्हणण्याचे श्रेय बहुधा लिव्हरपूलचे गायक पीट वायली यांना देतात आणि त्याचा काळ १९८१ च्या सुमाराचा मानतात. केलेफा सॅने यांच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील २००४ च्या लेखाने हा वाद व्यापक वाचकवर्गापर्यंत नेला. ब्रिटन-अमेरिकेबाहेरील इंडी संगीताची दखल या परंपरेने तुरळकच घेतली. न्यूझीलंडमधील फ्लाइंग नन (स्थापना १९८१) या लेबलसारखे अपवाद थोडे.

‘मेलडी मेकर’ २००० मध्ये ‘एनएमई’त विलीन झाले, आणि ‘एनएमई’ची छापील साप्ताहिक आवृत्ती मार्च २०१८ मध्ये बंद पडली. ‘पिचफोर्क’ची मालकी २०१५ मध्ये काँदे नास्ट या प्रकाशनसमूहाकडे गेली, आणि त्याचे ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकाशी एकत्रीकरण करण्याची घोषणा जानेवारी २०२४ मध्ये झाली.